लाल मोटार आणि माझी सातवी

उंद्रीत देवळं होती, पण गावातले कर्ते पुरुष रोज डोळ्यांत प्राण आणून ज्यांची वाट पाहायचे असे देव दोनच. एक लाल मोटार आणि दुसरी पिवळी मोटार. दोन्ही सकाळी चिखलीहून निघायच्या, उंद्रीवरून खामगावला जायच्या आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परत यायच्या. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. सरकार नागपूरला बसायचं आणि आमच्या सडकेचं काय करायचं हे तिथं ठरायचं, म्हणजे बहुधा ठरायचं नाही. मोटारी खाजगी मालकांच्या. दोन मालक, दोन मोटारी आणि सडक मात्र एकच.

त्यामुळे शर्यत आपोआप लागे. जी मोटार पुढे, तिला वाटेतल्या गावांचे उतारू मिळत. जी मागे, तिला धूळ मिळे. म्हणून चिखली सुटली की दोन्ही ड्रायव्हर इरेला पेटत. आणि आतले उतारू, ज्यांनी खरं तर जीव मुठीत धरून गप्प बसायला हवं, ते मोटारीच्या पत्र्यावर थापा मारून ओरडत, "जाऊ दे! जाऊ दे!" त्या भरात एखाद्याचं गाव मागं पडलं तरी त्याला चालायचं. एकदा एक गृहस्थ मेहुणीच्या लग्नाला निघाले होते. ते लग्नाच्या गावावरून तसेच पुढे गेले, कारण उतरण्यासाठी मोटार थांबवली असती तर मागची पुढं गेली असती. जेवणावळी आटोपल्यावर ते मांडवात पोचले आणि तिथं त्यांनी आधी मोटारीचीच हकिकत सांगितली. लोकांनीही ती उभ्यानं ऐकली म्हणतात.

आमचं घर मोटार थांब्याच्या अगदी समोर. थांबा म्हणजे एक निंबाचं झाड आणि त्याखाली चहाचं हॉटेल. हॉटेल म्हणजे चार बल्ल्या, वर पत्रा आणि दोन बाकं. या बाकांवर लालवाले बसत. पिवळीला मानणारी माणसं गावात नव्हती असं नाही, पण ती थांब्यावर फारशी दिसत नसत. त्यांना बहुतेक कामं असावीत.

आमचे हे लालवाल्यांचे म्होरके. घरी जमीन भरपूर, शिक्षण इंग्रजी चौथीपर्यंत, आणि कोणी विचारलं तर "शेती पाहतो" म्हणून सांगत. ती शेती बाकावर बसून जेवढी दिसे तेवढीच ते पाहत. माणूस वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही, कधी टाकून बोलले नाहीत, बाजारातून येताना माझ्यासाठी आठवणीनं काहीतरी आणत. वाईट असते तर मला रागवायला सोपं गेलं असतं. त्यांना एकच गोष्ट दिसे, आणि तिचा रंग लाल होता.

मी लग्न होऊन चिखलीहून या घरात आले तेव्हा आधी मला वाटलं, थांब्यावर बसलेली ही मंडळी कुठंतरी गावाला निघाली आहेत. आठवडाभरानं कळलं की कोणीच कुठं जात नाही. ते नुसते मोटारी येताना बघायला आणि गेल्यावर त्यांच्याबद्दल बोलायला येतात. समोरच्या खोलीत खिडकीपाशी मी ज्वारी निवडत बसे आणि मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येई. त्या बाकांवर बसणाऱ्यांपैकी कोणी मोटार चालवणं सोडा, सायकलवर बसलेलाही नव्हता. पण घाटाच्या उतारावर कोणत्या वळणाला ब्रेक लावावा आणि कोणत्या वळणाला देवाचं नाव घ्यावं, यावर त्यांचे दुपार दुपारभर वाद चालत.

लाल मोटारीचा ड्रायव्हर तरणाबांड होता. खाकी कोट, मानेला रुमाल, डोळ्यांना उन्हाचा काळा चष्मा. तो उंद्रीला उतरून चहा घ्यायचा तेव्हा बाकावरची माणसं उठून उभी राहायची. हीच माणसं स्वतःचे वडील आले तर जागची हलत नसत. तो कसा बसतो, विडी कोणत्या बोटांत धरतो, भोंगा किती वेळा वाजवतो, सगळ्याची चर्चा होई. तो थुंकला तरी त्या थुंकण्यात काही कसब असावं अशा नजरेनं आमचे हे बघत. पिवळीचा ड्रायव्हर म्हातारा होता. तो दिसेल त्या म्हातारीसाठी मोटार थांबवायचा, बैलगाडी आडवी आली तर वाट द्यायचा, नाल्याजवळ मोटार जवळजवळ उभी करायचा आणि मग हळूच पाण्यात घालायचा. त्याबद्दल त्याची भरपूर टवाळी होई.

"थो डायवर हाये का पुजारी?" एक म्हणे.

"म्हैस हाकल्यासारखी मोटार हाकते," दुसरा म्हणे.

त्याची मोटार आजवर कधी उलटली नव्हती. हाही त्याच्या विरुद्धचाच मुद्दा होता.

जुन्या दिवसांवर बोलायला लागले की मात्र ते बाकाच्या कडेला सरकून बसत. जुने दिवस म्हणजे फार जुने नव्हे, सडकेवर खडी पडायच्या आधीचे. एक मोटार भर पावसाळ्यात नाल्यात उलटली होती, त्यात माणसं आणि सरकीची पोती एकत्र वाहून चालली होती. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की दर खेपेला नाल्याचं पाणी किती चढतं ते मला पाठ झालं. पहिल्यांदा ऐकली तेव्हा पाणी गुडघ्याइतकं होतं. माझा थोरला मुलगा रांगायला लागला तोवर ते माणसाच्या डोक्यावरून गेलं होतं. एका ड्रायव्हरनं मोटार सुरू करायला हँडल मारलं, ते उलटं फिरलं आणि त्याचं मनगट मोडलं. त्यानं तसल्याच हातानं खामगाव गाठलं. हे सांगताना सांगणारा स्वतःचं मनगट कुरवाळी. आणखी एक गोष्ट होती क्लिनरची. टपावर बसलेला एक क्लिनर वळणावर फेकला गेला आणि जागीच गेला. त्या वळणाला किती वेग होता, मागचं कोणतं टायर फुटलं, मोटार किती लांब घसरत गेली, हे सगळे न चुकता सांगत. एकदा मी यांना विचारलं, तो क्लिनर कुठला होता, त्याच्या घरी कोण होतं? ते म्हणाले, "काय माहीत बुवा. पण टायर मागचं डावं होतं."

"तवाची मजाच अलग होती बे," बाकावर कोणीतरी उसासा सोडी. "ब्रेक लागन का नाई, देवाले ठाऊक."

"आता काय, लागतेत ब्रेक," दुसरा अशा सुरात म्हणे की जणू घरात कोणी गेलंय.

त्यातच एक दिवस बांधकाम खात्याचे लोक साखळ्या आणि झेंडे घेऊन आले आणि सडक मोजू लागले. बातमी अशी आली की नाल्याजवळचं मोठं वळण काढून टाकणार, पूल बांधणार आणि सडक सरळ नेणार. दुसऱ्या कोणत्याही गावात या बातमीनं आनंद झाला असता. आमच्या थांब्यावर सुतक आलं. काडी घेऊन धुळीत नवी सडक काढली जाई, मग पायानं पुसून जुनी काढली जाई. नवी कशी निकामी आहे हे सिद्ध करायला माणसं हातातला चहा थंड करून घेत.

"वळणच नाई राह्यलं तं डायवर कायले पाह्यजे?" आमचे हे कडाडले. "सरळ सडकेवर तं माही म्हैस बी पयली येईन!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. हीच माणसं पावसाळ्यात त्या नाल्यापायी चार चार दिवस खामगावचं तोंड बघू शकत नसत. पण ती अडचण झाली, आणि हे होतं शास्त्र.

हे सगळं बाहेर चालू असताना मी आत खिडकीपाशी अभ्यास करत होते.

माहेरी माझ्या सहा इयत्ता झाल्या होत्या, मग लग्न झालं. उंद्रीत मुलींची शाळा निघाली आणि तिला मास्तरीण मिळेना. हेडमास्तर एक दिवस आमच्या घरी आले आणि मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, म्हणाले की तुमच्या सुनेनं सातवीची सरकारी परीक्षा दिली तर इथल्या इथं तिला शाळेत घेता येईल. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आतून भांडी जरा जोरात ठेवू लागल्या. शेवटी मामाजी म्हणाले, "जाऊ द्या एक बार. जमलं तं जमलं, नाई तं पुन्यांदा नाव काढाचं नाई."

मामाजी एकदा बोलले की त्यात पुढं बदल होत नसे. त्यांच्या लेखी "एक बार" म्हणजे खरोखर एकच बार होता. हे मला माहीत होतं, यांना माहीत होतं, गोठ्यातल्या गड्यालाही माहीत होतं.

मला ती परीक्षा हवी होती. दागिना हवा असतो तशी नाही, भूक लागते तशी. मला शाळेतल्या खुर्चीवर बसायचं होतं. सासरी आल्यापासून मी खुर्चीवर बसले नव्हते. घरात खुर्च्या होत्या, पण त्यांवर पुरुष बसत, आणि पुरुष थांब्यावर गेले की त्या रिकाम्या राहत. मुलींना पाढे म्हणायला लावावे, चुकलं तर डोळे वटारावे, संध्याकाळी हजेरीपट बंद करून घरी यावं, असं मी ज्वारी निवडताना मनात रंगवत असे. दुपारी सगळे आडवे झाले की प्रांतातले जिल्हे घोकायचे, नद्या घोकायच्या, आणि मग अंकगणित. अंकगणितात नेमकी गाड्यांची उदाहरणं यायची. एक गाडी आधी निघाली, दुसरी मागून निघाली, तर दुसरी पहिलीला कुठं गाठेल? खिडकीबाहेर त्याच उदाहरणावरून हमरीतुमरी चाललेली असे. फरक एवढाच, की माझं उत्तर पुस्तकाच्या मागं छापलेलं होतं.

परीक्षेचं केंद्र खामगाव. पहिला पेपर चुकला की पुढच्यांना बसू देत नसत. खामगावला माझे मामा राहत, त्यामुळे राहायची सोय होती. मी म्हटलं, आपण आदल्या दिवशीच जाऊ.

"आदल्या दिशी कायले?" हे हसले. "लाल मोटार हाये ना. सकाळी बसलं का पेपराच्या कितीतरी आंधी खामगाव. वरून मामाच्या घरी चहा घेऊन जाशीन."

"अन् मोटार बिघडली तं?"

मी जणू देवाच्या मूर्तीला पाय लावला असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पिवळी बिघडते," ते म्हणाले. "लाल बिघडत नाई."

मी मामाजींकडे जाऊ शकले असते. पण मामाजींनी एवढ्या मोठ्या मनानं होकार दिला होता, त्यावर आणखी एक मागणं ठेवायचा धीर झाला नाही. आणि खरं सांगायचं तर हे इतक्या खात्रीनं बोलत होते की मलाही वाटलं, रोज दिवसभर एकाच गोष्टीचा अभ्यास करणाऱ्या माणसाला तेवढं तरी कळत असेल.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आम्ही थांब्यावर गेलो. माझ्या हातात टाक, दौत आणि पुस्तकांचं गाठोडं. यांच्या हातात कपड्यांची पेटी. यांनी कोट घातला होता, टोपी नवी होती. लालवाले आधीच जमले होते. आमच्या यांची बायको लाल मोटारीनं सरकारी परीक्षेला जाणार, याचा त्यांना फार अभिमान वाटत होता. परीक्षेचा किती आणि मोटारीचा किती, ते मी विचारलं नाही.

धूळ उडाली, भोंगा वाजला आणि आली ती पिवळी.

पिवळी आधी? असं महिन्यातून एखाद्या वेळी होई आणि त्या दिवशी चहा कोणाला गोड लागत नसे. म्हाताऱ्यानं मोटार सावकाश निंबाखाली आणून उभी केली. दोन बाया उतरल्या, एक शेतकरी चढला. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"कुठी जाता बाई?"

"खामगावले. परीक्षा हाये."

"बसा मंग. जागा हाये."

मी पायरीवर पाय ठेवला. माझा एक पाय मोटारीत होता, हे मला आजही तळपायाला जाणवतं.

"उतर वं," हे मागून म्हणाले. "लाल येऊनच राह्यली मांगून."

"अवो, पण ही आलेली हाये ना."

"ह्याच्यात बसशीन तं पेपर सुटल्यावर पोचशीन!"

सगळे खो खो हसले. म्हातारा हसला नाही आणि रागावलाही नाही. त्यानं तंबाखू थुंकली, माझ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बसाचं असंन तं बसा, नाई तं मले निंगू द्या." लालवाला पिवळीत बसत नाही, असा त्या बाकांवरचा धर्म होता. एकजण आजारी आईला बघायला निघाला असताना पिवळी सोडून लालसाठी थांबला होता, हे कौतुकानं सांगितलं जाई. आता म्होरक्याचीच बायको पिवळीत बसली असती तर यांना उद्यापासून बाकावर जागा राहिली नसती. मी पाय खाली घेतला. चारचौघांत नवऱ्याशी वाद घालायचा नसतो, हे मला सातवीच्या कितीतरी आधी शिकवलेलं होतं.

पिवळी गेली. आम्ही थांबलो. ऊन चढायला लागलं. लाल येईना. चिखलीलाच तिचं चाक काढून बसले होते हे मागाहून कळलं, पण तेव्हा बाकावर एकाहून एक सरस कारणं निघत होती. डायवरनं मुद्दाम पिवळीला पुढं सोडलं असेल. त्याला मागून येऊन गाठण्यातच रस आहे. वाघ कधी ससा समोरून धरतो का? मी मनातल्या मनात प्रांतातले जिल्हे म्हणत होते आणि ते पुन्हा पुन्हा एकाच जिल्ह्यावर अडत होते.

मग भोंगा ऐकू आला. एकसारखा, न थांबणारा. बाकावरची माणसं उठून सडकेवर आली. वळणावर लाल दिसली आणि खरंच, तशी येताना मी तिला आधी कधी पाहिली नव्हती. पुढचं सगळं लाल, मागचं सगळं धूळ.

यांनी थांबवायला हात वर केला. तो हात मी नीट पाहत होते, कारण माझं सगळं त्या हातावर होतं. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "पिवळी पुढं हाये! नाल्याच्या आत गाठते पाहा!" आणि वर गेलेला तो हात थांबवायचा विसरला. तो पुढं पुढं हलायला लागला. आमचे हे गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, "जाऊ दे! जाऊ दे रे!"

लाल मोटार थांबली नाही. थांबेल कशाला? उंद्रीचे उतारू तर पिवळीनं नेलेले, आणि उरलेले तिला स्वतःच पुढं पिटाळत होते. टपावरचा क्लिनर आम्हाला हात करत होता. धूळ खाली बसेपर्यंत टाळ्या चालल्या. आमच्या यांनी पेटी जमिनीवर ठेवली होती, टाळ्यांसाठी दोन हात लागतात म्हणून.

मग ते वळले. चेहरा आनंदानं नुसता फुललेला. आणि मग त्यांना मी दिसले.

"अरे," ते म्हणाले.

त्यानंतर तिथं माझ्या परीक्षेवर चर्चा झाली. बैलगाडी जोडावी का? बैलगाडी संध्याकाळपर्यंत पोचती. कोणाची घोडी मिळते का? बाई घोडीवर कशी बसेल? पण ही चर्चा फार वेळ टिकली नाही, कारण मूळ प्रश्न वेगळाच होता. डायवरनं थांबायला हवं होतं का? एकेकानं आपापलं मत दिलं. थांबला असता तर पिवळी हातची गेली असती, यावर सगळ्यांचं एकमत झालं. शेवटी आमचे हेही म्हणाले, "नाई, त्याचं बराबर होतं."

मी गाठोडं उचललं आणि घरी आले. रडले नाही. डोळ्यांत धूळ गेली होती, तीच चोळत बसले.

आत्याबाई चुलीपुढं होत्या. समोरचं सगळं त्यांना खिडकीतून ऐकू आलं होतं. मला बघताच त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला आणि हे दारात आले तेव्हा हातातली सांडशी घेऊनच उठल्या.

"हिचं जाणं मले पसंत नव्हतं," त्या म्हणाल्या, "आजबी नाई. पण सुनेले परीक्षेले नेतो म्हणून नेली अन् टाळ्या वाजवून वापस आणली? तुले काही लाज हाये का नाई बे?"

मुलाला त्यांनी "बे" म्हटलेलं मी तेवढंच ऐकलं. मला त्या क्षणी त्या फार आवडल्या, आणि यापुढं त्यांच्याबद्दल वाईट विचार करायचा नाही असं मी ठरवलं. ते काही दिवस टिकलं.

मामाजी संध्याकाळी वावरातून आले. त्यांना सगळं सांगितलं गेलं. ते ओट्यावर बसून राहिले. मी दाराआड उभी होते. माझी सगळी आशा आता त्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवर लागली होती. मुलगा मूर्ख निघाला, सुनेचा काय दोष, असं ते म्हणतील आणि पुढच्या वर्षी पाठवतील, असं मला वाटत होतं. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, भांडं खाली ठेवलं.

"मीनं सांगतलं होतं," ते म्हणाले. "एक बार."

त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण स्वतःच्या मुलाच्या करणीपायी शब्द बदलला तर घरात शब्दाला काय किंमत राहील, असा त्यांचा हिशोब. घरातल्या एका माणसाची वळणांची हौस आणि दुसऱ्याची न वळण्याची हौस, यांच्यामध्ये माझी सातवी राहिली.

तोवर मोटारी परतीच्या वाटेवर येऊन गेल्या होत्या. हे थांब्यावरून जवळजवळ धावतच घरात आले. "गाठली!" ते दारातूनच म्हणाले. "घाटाच्या आंधीच गाठली!"

"काय?" मी विचारलं.

"पिवळी!"

पुढच्या वर्षी मला पहिला मुलगा झाला. मुलींच्या शाळेत बाहेरगावची एक बाई आली, चांगली होती. ती रस्त्यानं जाताना दिसली की मी खिडकीतून आत सरकत असे. ते तिच्या रागानं नव्हतं, पण तिला पाहवत नसे हे खरं. हेडमास्तरांनी पुन्हा एकदा विषय काढून पाहिला. मामाजींनी त्यांना चहा दिला आणि पावसापाण्याचं विचारलं.

मग लढाई आली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. कोळशाच्या वायूवर चालवायला मोटारींच्या मागं भट्ट्या बसल्या. लाल मोटार निंबाखाली येऊन उभी राही, क्लिनर भट्टी फुंकत बसे, चढ आला की उतारू खाली उतरून मोटार ढकलत. काळ्या चष्म्याच्या आत डायवरचे डोळे धुरानं लाल झालेले असत. आता तो उंद्रीला थांबे. न विचारता थांबे, तासन्‌तास थांबे. गावातल्या सगळ्या बायांनी सातवी दिली असती इतका वेळ थांबे. लालवाल्यांच्या दुःखाला पार राहिला नाही. मला मात्र त्या दिवसांत त्या मोटारीकडे बघत ज्वारी निवडायला बरं वाटे. असं वाटणं चांगलं नाही, पण वाटे.

नाल्यावर पूल झाला, वळण गेलं, इंग्रज गेले, मध्यप्रांत गेला. थांब्यावर एसटी येऊ लागली. बाकावरची मंडळी एकेक करून गेली आणि आमचे हे तेवढे उरले. त्यांना ऐकणारं कोणी राहिलं नाही म्हणून ते पाहुण्यांना सांगत.

धाकटीचं लग्न झालं आणि जावई पहिल्यांदा राहायला आले. दुपारी चहाच्या वेळी यांनी त्यांना त्या दिवसाची हकिकत सांगायला घेतली. मी चहा घेऊन दारात आले आणि तिथंच थांबले. त्यांना सगळं आठवत होतं. पिवळी आधी आली ते, म्हाताऱ्यानं तंबाखू थुंकली ते, लालला झालेला उशीर, भोंगा, वळणावरची धूळ, क्लिनरनं केलेला हात, कोणी कोणी टाळ्या वाजवल्या ते. सांगताना त्यांचा हात वर गेला आणि पुढं पुढं हलायला लागला. तसली मोटार पुन्हा पाहिली नाही, ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

जावई भला माणूस. काहीतरी विचारायला हवं म्हणून त्यानं विचारलं, "पण मामाजी, तुम्ही त्या दिवशी थांब्यावर कुठं निघाले होते?"

हे थांबले. त्यांनी आठवून पाहिलं. अगदी मनापासून पाहिलं, कपाळाला आठ्या घालून. त्यांचा कोट, त्यांची नवी टोपी, त्यांच्या हातातली पेटी, काहीतरी त्यांना सापडेल म्हणून मी चहाचं ताट धरून उभी राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कायले गेल्तो वं मी त्या दिशी?"

"मोटार पाहाले," मी म्हटलं.

"हाव," ते खूश होऊन म्हणाले, "मोटार पाहाले गेल्तो." आणि जावयाला पुढचं सांगू लागले.